नाना तिकीट काढतात

धुळे स्टेशनावर नाना तिकीट काढायला उभे असले, तर शहाण्यानं त्यांच्या मागे रांग लावू नये. गाडी चुकते.

नाना आमचे शेजारी. नुसतं तिकीट मागणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. "भाऊ, चाळीसगावले जाई ऱ्हायनू. बहीणले बरं नही. लोनचं लई जास," असं ते खिडकीत तोंड घालून सांगत. बाबूंनी काहीच विचारलेलं नसे. गोऱ्या साहेबाच्या राज्यात तोंड मिटून तिकीट घेतलं, "आते सरकार घरनं शे," हे वर ऐकवत.

तिकीट हातात पडलं तरी खिडकी सुटत नसे. "येस मी, भाऊ," म्हणजे 'येतो मी', असं घरून निघाल्यासारखं म्हणायचे आणि समोरून "या" आल्याशिवाय हलायचे नाहीत. जुने बाबू शिक्का मारता मारताच "या, नाना" म्हणून टाकत. स्वराज्यात काम लवकर उरकायची एवढी एकच युक्ती त्यांना सापडली होती.

मग नवे बाबू आले. नियमावर बोट ठेवणारे.

"तिकीट मिळालं ना? व्हा पुढे."

"येस मी, भाऊ."

"आजोबा, ही काय तुमच्या घरची ओसरी आहे?"

"येस मी."

गाडीची घंटा झाली. रांगेतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं देशाच्या अधोगतीवर भाषण सुरू केलं. नानांच्या मागे मीच होतो. बहिणीचं जास्त झालंय, लगेच या, असा निरोप नानांना सकाळीच आलेला मला ठाऊक होता.

"नाना, गाडी जाईल! अक्का वाट बघतायत. एका शब्दासाठी काय अडून बसलात?"

नाना वळले. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"आते घरमा कोन शे रे सांगाले? तुनी काकू व्हती तवय दारमा उभी राहीसन 'या' म्हने. तसाच निंघनू तं वाटस, परत कोनाकडे येवानं?"

व्यापाऱ्याचं भाषण थांबलं. नव्या बाबूंनी मान वाकवून खिडकीतून बाहेर पाहिलं.

"या, नाना," ते म्हणाले. "जपून या."

नाना लोणच्याची बरणी पोटाशी धरून धावले आणि त्यांना गाडी मिळाली. मला अर्थातच मिळाली नाही. चरफडत घरी आलो.

"आलात?" बायकोनं दारातच विचारलं.

"आलो," म्हटलं, आणि पुढच्या गाडीला निघताना "येतो गं" म्हणून तिच्या "या"साठी दारात थांबलो.