दातानं ऐकणारे तात्या

तात्या कोकरे गिटार कानानं ऐकत नसत, दातानं ऐकत. थट्टा नाही करत. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तार छेडायची आणि खाली वाकून लाकडाची कड वरच्या दातांत धरायची. डोळे मिटून आवाज विरेपर्यंत तसंच बसायचं आणि मग तोंड पुसून निकाल द्यायचा, "बोलती गोड, पन लवकर विसरती." नवख्या माणसाला वाटायचं, गडी दुपारपासून उपाशी असावा.

मी तेव्हा बारामतीला एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड बडवायचो. नव्वदीची सुरुवात होती. घरोघरी केबल आली होती, तरी लग्नाला आणि कॉलेजच्या गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा लागायचाच. तात्या आमच्यात हवाईयन गिटार वाजवायचे. राहायचे लासुर्ण्याला, नोकरी जवळच्या कारखान्यात टर्नरची. वडिलांची मेंढरं होती. तात्यांनी मात्र तरुणपणी दौंडच्या रेल्वे शेडात उमेदवारी केली आणि तिथल्या एका गोव्याच्या गार्डाकडून हे वाद्य उचललं.

हवाईयन गिटार छातीशी धरून वाजवत नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून घसरवत नेतात. त्यामुळे सूर तुटत नाही, गळ्यातून यावा तसा ओघळत येतो. बाजारातली कांडी तात्यांच्या पसंतीस उतरली नव्हती. त्यांची कांडी म्हणजे ऑइल इंजिनाची पिस्टन पिन होती, लेथवर घासून घासून आरशासारखी केलेली.

अशा तीन गिटारी त्यांच्याकडे होत्या आणि त्यांची तुलना हा त्यांचा चोवीस तासांचा उद्योग होता. पहिली कलकत्त्याची, पोकळ पोटाची. ती गोड, पण सूर तिच्यात टिकत नसे. दुसरी सागवानी, त्यांनी स्वतः केलेली. तिच्याबद्दल ते म्हणत, "सभ्य हाय. सभ्य मानसासारखीच, लक्षात ऱ्हात न्हाय." आणि तिसरी बाभळ. मोडक्या बैलगाडीचं बाभळीचं लाकूड सलग कोरून केलेली, आत पोकळी नाही, आवाज स्पीकरला पोचवायला मोटर रिवायंडिंगची तार गुंडाळून केलेलं कॉइल तारांखाली बसवलेलं. वजन एवढं, की अर्धा तास वाजवल्यावर पायाला मुंग्या याव्यात. पण तिच्यावर एक सूर छेडला की चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवेपर्यंत तो चालू असायचा. कुणी म्हणालं, तात्या, कलकत्त्याचीच बरी वाटते, तर ते वाद घालत नसत. "मला नगं, लाकडाला इचारा," एवढंच म्हणायचे आणि गिटार त्याच्या तोंडासमोर धरायचे. कोण दात लावणार? वाद तिथंच संपायचा.

कारखान्यात हा माणूस केसाच्या जाडीचं माप घ्यायचा, आणि गिटारीच्या तारांची उंची मोजायचा विडीनं. सुपारीचंही व्यसन नव्हतं, पण खिशात कायम दोन विड्या. मानेच्या टोकाला, तारांच्या खालून विडी आडवी सरकली पाहिजे. सरकली तर कांडी मोकळी पळते. अडली तर कांडी खाली लाकडाला भिडते आणि सुराची माती होते. दर महिन्याला विड्या बदलायचे, कारण जुनी विडी चेपते आणि माप चुकतं. पानपट्टीवाला त्यांना विडी सोडण्याचा सल्ला द्यायचा.

तात्यांच्या घरी मी दोन-तीनदा गेलो होतो. त्यांच्या बायको, हिराकाकू, चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. मी मागून "काकू, साखर छान" म्हटलं तरी वळून बघायच्या नाहीत. बाई भारीच आखडू आहे, असं माझं मत झालं. मतं बनवण्यात मी पहिल्यापासूनच तरबेज.

तर त्या जानेवारीत इंदापूरच्या कॉलेजचं गॅदरिंग आम्हाला मिळालं. तात्यांची मुलगी मंदा त्याच कॉलेजात शिकायची. तिचं एक गाणं कार्यक्रमात घ्यायचं ठरलं. पोरगी पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती, आणि मे महिन्यात लग्न होऊन लातूरकडे जाणार होती. तात्या मला म्हणाले, "मंदीचं गानं बाभळीवरच हुईल. बाभळ नसंल तर गानं न्हाय." मी मनात म्हटलं, झाली यांची नाटकं सुरू.

त्याआधी आठ दिवस बारामतीत एक लग्न वाजवलं होतं. तिथून तात्यांना थेट पाळीवर जायचं होतं, म्हणून बाभळ त्यांनी माझ्याकडे ठेवली. ठेवताना तीनदा बजावलं, हात लावू नका. आणि मी लावला. झालं असं, की त्या लग्नात वाजवून झाल्यावर तात्या मनगट चोळत बसलेले मी पाहिले होते. घरी गिटार बघितली तर तारा चांगल्या बोटभर वर! मला वाटलं, म्हातारा उगाच जीव काढतोय. तारा खाली आणल्या तर कांडी हलक्या हातानं फिरेल. मी बाभळ उचलून पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेली. तो बिचारा म्हणाला, असलं वाद्य मी केलेलं नाही. मीच त्याला समोर बसून सांगितलं, तारा ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकतात त्या दोन्हीकडून घासा, निम्म्यावर आणा. आणि जाता जाता कडाही घासून पॉलिश मारा म्हटलं, कारण कडेला दातांचे वळ पडले होते. वळांच्या दोन ओळी होत्या, एक मधोमध रुंद आणि एक टोकाकडे, बारीक. चित्रकलेच्या मास्तरला एवढं दिसलं, पण दोन ओळी का, हे विचारायची बुद्धी झाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गिटार घरी आली. चकचकीत! मी हौसेनं एक जाड चमचा तारांवरून फिरवला. खड् खड् खड्. खुणेसाठी ठोकलेल्या पितळी पट्ट्यांवर चमचा आपटत होता. कारागिराकडे पळत गेलो तर दुकानाला कुलूप, तो सासुरवाडीला गेलेला. घासलेलं लाकूड परत कुठून आणणार? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नको तिथं नाक खुपसायची सवय मला फार महागात पडली.

शनिवारी साडेचारला आमचा टेम्पो इंदापूरला पोचला. कार्यक्रम सहाला, मंदाचं गाणं दुसरं. तात्या लासुर्ण्याहून एसटीनं आले होते, बरोबर हिराकाकू, नवी साडी नेसून. मी स्टेजच्या मागं गिटार त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

तात्यांनी खिशातून विडी काढली, तारांखाली सरकवली. विडी जागची हलेना. दुसरी काढून पाहिली. तीही हलेना. मग त्यांनी कडेवरून हात फिरवला. टोकाकडे, जिथं ती बारीक ओळ होती, तिथं त्यांचं बोट थांबलं. ते परत परत तीच जागा चाचपत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"समोर ट्रॅक्टरचं गॅरेज हाय," ते उठले. "चला."

गॅरेजवाल्याकडून त्यांनी लोखंडी अँगलची पट्टी मागून घेतली, दोन तुकडे कापले आणि कानशीनं घासायला बसले. एक तुकडा मानेकडे तारांखाली बसवायचा, एक खालच्या टोकाला. प्रत्येकावर सहा बारीक खाचा, सगळ्या एका उंचीच्या, नाहीतर कांडी एका तारेवर टेकायची आणि दुसरीवर नाही. मी पट्टी धरून बसलो होतो आणि सारखा वळून मैदानाकडे बघत होतो. "हात हलवू नका, मास्तर," एवढंच ते म्हणाले. समोर कॉलेजच्या मैदानात लाऊडस्पीकर लागला, भाषणं सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी मनापासून प्रार्थना केली, देवा, पाहुण्यांचं भाषण लांबू दे. पाहुणे असे निघाले, की दहा मिनिटांत आटोपतं घेतलं. कधी नव्हे तो शहाणा वक्ता भेटला, तोही त्याच दिवशी!

आम्ही पळत स्टेजमागं आलो तेव्हा पहिलं गाणं संपत आलं होतं. तुकडे बसवले, तारा ओढल्या. विडी सरकली. पण तारा सुरात लावायच्या कशा? स्पीकरचा दणका असा, की माझं बोलणं मला ऐकू येईना. तात्या खाली वाकले आणि बाभळीची कड दातांत धरली. एक खुंटी पिळली, छेडली, पुन्हा पिळली. एवढ्या गदारोळात तो एकटा माणूस शांत बसून सूर लावत होता. इतकी वर्षं ज्याला मी चक्रमपणा समजत होतो, त्यानंच त्या दिवशी माझी लाज राखली.

निवेदकानं मंदाचं नाव पुकारलं. तात्या विंगेतच पडद्याआड बसले आणि मला म्हणाले, तो पाट हिकडं सरकवा. मी पाट त्यांच्या शेजारी ठेवला. त्यावर हिराकाकू येऊन बसल्या.

मी गोंधळून तात्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मंदी झाली आन हिचं कान गेलं, मास्तर. लेकीचा आवाज हिनं कधी ऐकला न्हाय. दात लावलं की बाभळीतलं तेवढं कळतं तिला. म्हनून मंदी गाती तसं मी वाजवतो."

मी जाऊन कीबोर्डपाशी उभा राहिलो, तिथून विंगेतलं सगळं दिसत होतं. मंदा गायला लागली. तिचा आवाज फार काही तयार नव्हता, पण स्वच्छ होता. तात्यांची कांडी तिच्या मागोमाग निघाली. मंदा जिथं सूर वळवी तिथं कांडी वळायची, ती जिथं चाचरे तिथं चाचरायची. आजवर मी समजत होतो, तात्या गाणाऱ्याच्या चुकाही वाजवतात कारण त्यांना तालमीचा कंटाळा आहे.

काकू वाकल्या. दात लावायची जागा त्यांना सापडेना, कारण वळ मीच पुसून टाकले होते. त्या कडेवरून चाचपडत राहिल्या आणि गाण्याचं ध्रुवपद तसंच निघून गेलं. माझ्या बोटांनी दोन सूर चुकवले. तात्यांनी न थांबता मांडी थोडी वर उचलली, गिटारीचं टोक काकूंच्या तोंडाशी आलं. त्यांनी कड दातांत धरली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांच्या पायाचा अंगठा ठेका धरायला लागला.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. मंदा धावत विंगेत आली आणि आईसमोर उभी राहिली. काकूंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांचा आवाज मी नीट असा पहिल्यांदाच ऐकला, सपाट आणि जरा जास्तच मोठा.

"दुसऱ्या कडव्यात घाई केलीस. दम धरावा गं मानसानं."

मंदा मटकन खाली बसली आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

पुढचं गाणं सुरू व्हायला दोन मिनिटं होती. मी तात्यांपाशी गेलो. माफी मागायची होती. काकू त्यांच्याकडे बघून हातवारे करत होत्या, तोंड वाकडं करत होत्या. मी विचारलं, काय म्हणतात?

तात्यांनी विड्या खिशात घातल्या.

"पॉलिश लई कडू लागतंय म्हनती. पुन्यांदा लावू नका."

मंदा लातूरला गेल्यावर मी एकदा लासुर्ण्याला गेलो होतो. ती सुट्टीला आली की गाते आणि तात्या ते उतरवून घेतात, मग रोज संध्याकाळी काकूंना वाजवून दाखवतात, असं कळलं. बाभळ खुंटीला टांगलेली होती. तिच्या कडेचं पॉलिश दोन ठिकाणी गेलं होतं.