शैलाताईंचे बाकचांग

जून लागला की आमच्या शेजारच्या शैलाताई बाथटबमध्ये पानं भिजत घालतात. बांबूची, हातभर लांब. टबात पानं म्हटल्यावर आंघोळीची पंचाईत. शैलाताई मग बादली आणि तांब्या घेऊन सातारी पद्धतीने आंघोळ उरकतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले आणि बाथरूम कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "वर जा. पण टबाकडे बघून दचकू नकोस. पेशंटची बँडेजं भिजतायत."

शैलाताई ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या. आता निवृत्त, घरात एकट्या. गणपती बसवत नाहीत, दिवाळीला दारात एक पणती लावली की झालं. पण चिनी लोकांचा ड्रॅगन बोटचा सण मात्र साग्रसंगीत. त्या सणाला बाकचांग करतात. म्हणजे बांबूच्या पानात चिकट तांदूळ, डुकराचं मांस, चेस्टनट, मशरूम आणि खारवलेल्या अंड्याचा बलक भरून दोऱ्याने आवळलेला त्रिकोणी पुडा. तो तासन् तास उकळायचा.

शैलाताई त्याला पेशंट म्हणतात. मी एकदा हौसेने मदतीला बसले. माझा पुडा त्यांनी उचलला, कानाजवळ नेऊन हलवला आणि परत माझ्यासमोर ठेवला. "हा ऑपरेशन टेबलावरच गेला. पुन्हा बांध."

गंमत म्हणजे शैलाताई कट्टर शाकाहारी. मास्क आणि ग्लोव्ह्ज चढवून त्या मांसाचे तुकडे करतात, पण ज्या पदार्थासाठी एवढा जीव टाकतात तो त्यांनी कधी चाखलेला नाही. चव बघायला मी. "मुक्ता, तू बाटलेली आहेस, ये लवकर," असा फोन येतो. मी खाते आणि त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात.

"छान झालंय, ताई."

"छान काय छान? मांस विरघळतंय की दातात अडकतंय? सोया सॉस पुढे येतोय का? सिम्प्टम्स सांग, सिम्प्टम्स!"

सणाच्या दिवशी भर दुपारी अंडं उभं राहतं, असंही चिनी लोक मानतात. म्हणून शैलाताई ड्राइव्हवेवर अंडी घेऊन बसतात. बाराला नव्हे, चांगला तासभर उशिरा. "उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली, ती दुपार लंडनवाल्यांची. आपली दुपार सूर्य ठरवणार." एका वर्षी पोस्टमन पार्सल घेऊन आला, तर त्याला तिथेच ओणवा करून एक अंडं धरायला लावलं.

"पण ताई, हे सगळं तुम्ही का करता?" मी विचारलं होतं.

"एक प्रामाणिक मंत्री नदीत बुडाला. माशांनी त्याला खाऊ नये म्हणून लोकांनी नदीत भात टाकला. झालं समाधान?"

"ते त्यांचं झालं. तुम्ही का?"

"दोरा दे तो."

यंदा शैलाताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी चालवायला बंदी. सणाच्या दिवशी गरम पुड्यांची पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्या गाडीत बसल्या आणि गावाबाहेरच्या एका केअर होमचा पत्ता सांगितला. वाटेत एवढंच म्हणाल्या, "मेई मलेशियातल्या पेनांगची, चिनी. नर्सेस होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत होतो. आता ती इंग्लिश विसरलीय. मलाही."

मेई खिडकीशी बसली होती. पाखराएवढी म्हातारी. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शैलाताईंनी पुडा सोडला, पानाचा वास खोलीभर पसरला, तशी तिची मान वळली. तिने हातानेच घास घेतला, चावला आणि तिच्या भाषेत काहीतरी फटकारलं.

"काय म्हणाल्या?"

"चेस्टनट कच्चं राहिलंय म्हणतेय." शैलाताईंचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता.

मग मेईने पिशवी ओढून घेतली. एकेक पुडा काढून हातात फिरवू लागली, बाजूला टाकू लागली. सगळे संपले तरी पिशवीत हात घालून चाचपत राहिली आणि रडवेल्या आवाजात पुन्हा पुन्हा तेच विचारू लागली. शैलाताई तिचा हात धरून मोडक्यातोडक्या चिनीत समजावत होत्या. अखेर ती शांत झाली आणि अर्धा राहिलेला पुडा खाऊ लागली.

"काय शोधत होत्या?" मी हळूच विचारलं.

शैलाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "शैलाचा पुडा. मुगाच्या डाळीचा. होस्टेलमध्ये ती माझ्यासाठी वेगळा बांधायची, वेगळ्या पातेल्यात उकळायची. विचारत होती, शैला ड्यूटीवरून येईल, उपाशी असेल, तिचा कुठे ठेवलाय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, शैला जेवली."

परतताना शहर जवळ आलं तेव्हा ताई म्हणाल्या, "देशी दुकान लागलं की थांबव गं जरा. मुगाची डाळ घ्यायचीय."