आधी डिग्री, मग सर्टिफिकेट

सेतूराव माणसाला नाव विचारत नसत, डिग्री विचारत. तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांना खोल्या देणाऱ्या इमारतीत, मी ट्रंक घेऊन जिना चढत होतो, तेव्हा वरून इंग्रजीत आवाज आला, "डिग्री काय?"

नव्वदच्या दशकातलं मद्रास. 'सहा महिन्यांत नेटवर्क इंजिनियर' ही जाहिरात वाचून मी बारावीनंतर सोलापूरहून आलो होतो. "डिग्री कुठली आलीय," मी मराठीत पुटपुटलो आणि सापडलो. सेतूराव तंजावरचे मराठी. जुनी मराठी तमिळ हेल काढून बोलायचे.

"अय्यो! डिग्री म्हणजे वेष्टी, आपलं धोतर. सर्टिफिकेट म्हणजे वरचा पट्टा. नुसता पट्टा बांधून रस्त्यात फिरशील काय पा?"

हे ते सगळ्यांना ऐकवत. शेजारच्या खोलीतले म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरलाही त्यांनी आधी डिग्री विचारली, आणि ती पटल्यावरच रडायला बसले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर त्या जाहिरातीतल्या क्लासात आले. टेबलामागची बाई म्हणाली, "आमचं सर्टिफिकेट दाखवलं की नोकरी मिळते, सर."

"आधी नेटवर्क दाखवा."

तिनं आतली खोली उघडली. दोन कॉम्प्युटर, मधे वायरच नाही.

"या दोघांची बोलाचाल नाही वाटतं," सेतूराव म्हणाले आणि माझा दंड धरून बाहेर पडले.

मी बी.एस्सी.ला नाव घातलं. प्रवेशाच्या रांगेत माझ्याऐवजी तेच उभे राहिले. शेवटच्या वर्षी नेटवर्किंगच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक आणलं, तेव्हा संध्याकाळी तेच माझी उजळणी घेत. एक शब्द कळत नसे, पण मी अडखळलो की लगेच "चूक!" म्हणत.

रविवारी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून कुठंतरी जात. एका रविवारी अंगात ताप असूनही निघाले, म्हणून मी सोबत गेलो. लोकल गाडीनं मद्रासबाहेर, गुम्मिडिपूंडीला उतरलो. एका कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे ते उभे राहिले.

"कुणाला भेटायचंय?"

"भेटायचं नाही. बघायचं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माझा माधव. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होता. अशीच जाहिरात मी वाचली. कॉलेज मी सोडवलं. सर्टिफिकेट हातात आलं आणि क्लासाला कुलूप लागलं. त्या कागदाला कुणी विचारीना. त्याची आई होती तोवर घरी यायचा. आता माझ्याशी बोलत नाही."

पाळी सुटली. एक उंच, वाळलेला माणूस आमच्याकडे बघत थबकला, आणि रस्ता ओलांडून आला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. सेतूराव एक पाऊल मागे सरकले.

"तू कोण?" त्यानं मला विचारलं.

"यांच्या शेजारच्या खोलीत राहतो. बी.एस्सी. करतोय. शेवटचं वर्ष."

"पुरं कर," तो म्हणाला. मग वडिलांच्या चपलांकडे बघत, "अप्पा, जेवलात काय?"

जगाला सल्ले देणाऱ्या त्या माणसानं शर्टाची कॉलर सारखी केली.

"जेवलो रे."

सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. माधवनं मान हलवली आणि तो कंपनीच्या बसकडे चालू लागला.