अप्पांच्या टाकीचं संचालक मंडळ

आमच्या घरमालकांकडे चहा प्यायचा असेल तर आधी ठराव मंजूर करून घ्यावा लागतो.

"चहाचा विषय पटलावर हाय. सूचक मी. अनुमोदक कोण?" असं म्हणून बसलिंगअप्पा माझ्याकडे बघतात. खोलीत तिसरं कुणी नसतं. मी हात वर करतो. "ठराव सर्वानुमते मंजूर," असं भिंतीकडे बघून जाहीर करतात आणि मग स्वतःच गॅस पेटवायला उठतात. मी राहायला आलो त्या दिवशी नुसतंच "घेऊ की" म्हणालो होतो. चहा मिळाला नाही. "तोंडी चालत न्हाई," ते म्हणाले, "हात वर पायजे."

अप्पा चौसाळ्यात सोसायटीचे सचिव होते. शेतकऱ्यांना पीककर्ज वाटणारी गावोगाव असते ती सोसायटी. तिचे अध्यक्ष बदलत राहिले, सचिव मात्र अप्पाच. सभा कशी भरवायची, आणि वेळ पडली तर ती कशी भरू द्यायची नाही, हे शास्त्र त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं, असं गावात अजूनही आदराने बोलतात. ते निवृत्त झाले आणि सभा संपल्या. सवय तेवढी राहिली. पत्नी आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो आणि एसटीने बीडच्या कॉलेजात जातो. बीएस्सी, प्राणिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बेडूक शिकून माणूस पुढे काय होतो, असं वडील विचारतात तेव्हा मला अजूनही नीट उत्तर देता येत नाही. अप्पांना ते लगेच सुचलं. "प्राणिशास्त्र? मंग तू आमचा तज्ज्ञ संचालक. बसायला खुर्ची हाय, मताचा अधिकार न्हाई." चहापुरता तेवढा अपवाद केलेला आहे.

या मंडळापुढे त्या वर्षी एकच विषय होता. टाकी.

टाकी म्हणजे पाण्याची नव्हे. म्हणजे पाण्याचीच, पण काचेची आणि खाऱ्या पाण्याची. तेलाच्या डब्याहून थोडी मोठी. आत समुद्रातले दोन-तीन दगड, तळाला पांढरी वाळू आणि बोटाच्या पेराएवढा एक पिवळा मासा. अप्पांची मुलगी राजश्रीताई कोकणात मत्स्यशास्त्र शिकली, तेव्हा तिने ती स्वतः तयार केली होती. पुढे तिला आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीचं बियाणं तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. रेल्वेतून समुद्र नेता येईना. म्हणून तो तिने चौसाळ्यात, बापाच्या बैठकीत, आणून ठेवला. जाताना बजावून गेली, की दिवाळीला येईन तेव्हा टाकी धड नसली तर कुणालातरी देऊन टाकीन.

आता अप्पांच्या घरात कांदा-लसूणही वार बघून शिजतो. तिथे मासा आला म्हटल्यावर भाऊबंद विचारायला आले. अप्पांनी शांतपणे खुलासा केला, "मासा टाकीत हाय, ताटात न्हाई. उपविधीत बसतंय."

त्यात वर्ष दुष्काळाचं. पावसाळा कोरडा गेला होता आणि गावात टँकर आला की लोक हंडे-घागरी घेऊन पळत होते. अशा दिवसांत अप्पा रोज सकाळी ओसरीवर बसून, फिल्टरच्या जारातून आपल्या वाट्याचं पाणी बादलीत काढून, त्यात मुलीने पाठवलेलं समुद्री मीठ ढवळायचे. समोरच्या काशीबाईंना ते बघवत नसे.

"कावून हो अप्पा, गाव पाण्यासाठी वणवण फिरायलंय, अन् तुमी चांगल्या पाण्यात मीठ कालवायलात?"

"काशीबाई, माज्या प्यायच्या पाण्यातलं हाय हे. मी एक तांब्या कमी पितो."

"मंग तुमी खारं पेता का मासा ग्वाड पेतो?"

अप्पा ढवळत राहायचे. विषयपत्रिकेवर नसलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

तर, ही टाकी हिरवी पडू लागली. काचेवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, वाळूवर तपकिरी साय. राजश्रीताईचा रोज संध्याकाळी फोन यायचा तो याच टाकीसाठी. अप्पा स्पीकर लावून फोन टाकीशेजारी ठेवायचे आणि दिवसभराचा अहवाल सादर करायचे. पाणी किती उडालं, माशाने किती गोळ्या खाल्ल्या, कुठल्या कोपऱ्यात किती हिरवं झालं. ताई ऐकायची, प्रश्न विचारायची, मध्येच हसायची. मी पुस्तक घेऊन जवळ बसलेला असायचो.

एक दिवस ती म्हणाली, "अप्पा, असं किती दिवस खरवडत बसणार? साफसफाईची मंडळी आणा. गोगलगायी, शंखातले खेकडे. पुण्याच्या दुकानातून पार्सल येतं. नावं पाठवते, चार-पाच निवडा. एकदा ती कामाला लागली की टाकी आपली आपण चालते. मग मलाही रोज फोन करून तुम्हाला ताप द्यायला नको."

"बरं," अप्पा म्हणाले. "रीतसर निवड करू."

तिथून निवडणूक सुरू झाली.

पहिल्या बैठकीला आम्ही दोघंच होतो. अप्पांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "कोरम न्हाई. सभा अर्धा तास तहकूब." आम्ही अर्धा तास माशाकडे बघत बसलो. अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा पुन्हा सुरू झाली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे मला माहीत नव्हतं. कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत.

मग उमेदवारांची छाननी. मी मोबाइलवरून एकेकाची माहिती वाचायची आणि अप्पांनी हरकत घ्यायची.

"ही भोवऱ्यासारखी मोठी गोगलगाय. शेवाळ भरपूर खाते. पण उलटी पडली तर तिला आपलं आपण सरळ होता येत नाही."

"नको. असले दोन संचालक सांभाळलेत मी. दर सभेला धरून उठवावं लागायचं."

"ही दुसरी वाळूत गाडून घेते. खाद्य टाकलं की त्या वासाने वर येते. एरवी दिसत नाही."

अप्पा खुर्चीत सावरून बसले. "ह्ये तर वार्षिक सभेचे सभासद! जेवण हाय म्हणलं की हजर. ह्यांना वगळून कसं चालंल? एक राखीव ठेव."

"समुद्रकाकडी. वाळू साफ करते. पण मेली तर विष सोडते आणि सगळी टाकी मरते."

"बाद. जिता हाय तवर गप, अन् गेल्यावर संस्था बुडवून जाणार. असले लई बघितले."

शंखातल्या खेकड्यावर मात्र ते अडून बसले. तो घ्यायचाच म्हणाले. मंडळात विरोधी गटाचा एक तरी माणूस पाहिजे, नाहीतर बाकीचे आळसावतात. मी भीत भीत सांगितलं, "अप्पा, तो वाढला की त्याला मोठा शंख लागतो. शंखासाठी तो गोगलगायीला मारून टाकतो."

"खुर्चीसाठी?"

"हो. म्हणजे, शंखासाठी."

"मंग चार शंख रिकामे टाकून ठिवायचे," अप्पा म्हणाले. "आमी नवं उपाध्यक्षपद कावून काढलतं?"

मी ताईला विचारलं तेव्हा ती फोनवर खूप वेळ हसत राहिली. मग म्हणाली, की उपाय बरोबर आहे, लोक खरंच रिकामे शंख ठेवतात, पण इतक्या लहान टाकीत ही भानगडच नको. त्यावर अप्पांनी फेरविचाराचा अर्ज दाखल करून घेतला. तो चार दिवस चालला.

राखीव जागा सोडली तर शेवटी एकच उमेदवार उरला. बारीक, लांबट शंखाची एक साधी गोगलगाय. काच खरवडते, दगड खरवडते, वाळूतही शिरते, कुणाला मारत नाही. कुठलीच हरकत निघेना. तेव्हा अप्पा म्हणाले, "दिसायला काय न्हाई तिच्यात. प्रचार कशावर करायचा?" आणि सभा पुढच्या सोमवारवर गेली. सोमवारी अमावास्या निघाली. त्याच्या पुढच्या बैठकीत ठरलं, की उपविधीप्रमाणे तेरा जणांचं पूर्ण मंडळच भरायचं. ताई म्हणाली, एवढ्या गोगलगायी भुकेने मरतील. मग संख्याबळावर चर्चा सुरू झाली. दिवाळीला तिला सुटी मिळाली नाही, तरी रोज फोन येत होता आणि रोज थोडा जास्त वेळ चालत होता.

मधल्या काळात शेवाळ कुणासाठी थांबलं नाही. वीज जायची, टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडायचा. एकदा मी कॉलेजातून आलो तर मासा पाण्याच्या अगदी वर येऊन, काचेला टेकून, तोंड उघडत-मिटत होता. मी पुठ्ठ्याने वारा घालत, चमच्याने पाणी ढवळत बसलो. वीज आल्यावर तो खाली गेला.

"अप्पा," मी म्हणालो, "निवड अजून लांबली तर मासा जाईल."

"अन् झाली तर?"

"तर काही काळजीच नाही. टाकी आपली आपण चालेल. ताईंना रोज फोन करावा लागणार नाही." मी हे चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी फोनवर अहवाल फारच थोडक्यात दिला. मासा वर आला होता, हे सांगितलंच नाही. सकाळी मी कॉलेजला निघालो तर त्यांनी ओसरीवरून हाक मारली.

"त्या बारक्या गोगलगायी मागव."

"बैठक?"

"बैठक नको. मासा तिचा हाय. आपल्यापायी मरायला नको."

आठवड्याभरात खाजगी बसने पार्सल हायवेवर उतरलं. पिशवीतल्या पाण्यात चार बारक्या गोगलगायी आणि वाळूत दडणारी ती एक राखीव. ताईने सांगितल्याप्रमाणे अप्पांनी पिशवी टाकीत तरंगवली, मग थेंबथेंब पाणी मिसळून एकेकीला आत सोडलं. शपथविधी वगैरे काही झाला नाही. काशीबाई बघायला आल्या होत्या. "ह्या किड्यांनी काय व्हायलंय?" असं म्हणून गेल्या.

पण झालं. काचेवर आधी बारीक स्वच्छ रेघा उमटल्या, मग रेघांच्या पट्ट्या झाल्या, आणि एक दिवस पलीकडची भिंत आरपार दिसू लागली. त्या दिवशीचा फोन असा झाला:

"काच कशी आहे?"

"साफ."

"मासा?"

"ठीक हाय."

"बघा, मी म्हणत नव्हते? आता तुमचा ताप गेला, अप्पा. ठेवते, ड्युटी आहे."

नंतर फोन एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्याने. अप्पा संध्याकाळी त्याच वेळेला टाकीजवळ येऊन बसायचे. मी म्हणालो, आपण करू का फोन? ते म्हणाले, "कामावर असती ती. विषय असल्याबिगर फोन करू न्हाई." चहाचा ठरावही त्यांच्याकडून येईनासा झाला. एक-दोनदा मीच मांडला.

मग एका रविवारी दुपारी, आम्ही दोघं भाकरी-पिठलं खाऊन उठलो होतो, तेव्हा अप्पा हात धुता धुता टाकीपाशी थांबले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"तज्ज्ञ, ह्यांनी सगळं शेवाळ खाल्लं. आता ह्या काय खातील?"

मी पाहिलं. काच लख्ख होती, दगड लख्ख होते. गोगलगायी एका कोपऱ्यात जवळजवळ चिकटून बसल्या होत्या. "उपाशी राहतील, अप्पा," मी म्हणालो.

अप्पांचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांनाच ते बरं दिसलं नसावं, म्हणून गंभीर झाले. ओले हात धोतराला पुसून त्यांनी स्वतः फोन लावला.

"राजश्री, गोगलगायी उपाशी हायेत. तातडीचा विषय हाय म्हणून केला."

ताईने सांगितलं, काकडीची चकती वाफवून टाका. अप्पांनी विचारलं, सालीसकट का सोलून? सोलून. बिया काढून का तशीच? काढून. चकती केवढी, वाफवायची किती, तरंगली तर काय करायचं, काकडी न्हाई मिळाली तर पालक चालंल का, दुष्काळात पालक तरी कुठला. ताई एकेकाचं उत्तर देत होती. मग मध्येच थांबली.

"अप्पा, गोगलगायींचं राहू द्या. तुम्ही जेवलात का?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशीला अजून पिठलं लागलेलं होतं.

"न्हाई अजून," ते म्हणाले.

ताई चिडलीच. ही काय वेळ आहे का, औषधाच्या गोळ्या कशावर घेता, तुम्हाला कुणी सांगायला नाही म्हणून असं करता, तो पोरगा काय करतो तिथे. अप्पा माझ्याकडे पाठ करून, फोन कानाशी घट्ट धरून, "हो माय", "चुकलं", "आता बसतोच" असं म्हणत सगळं ऐकत होते. शेवटी तिचा राग ओसरू लागला, आवाज मऊ झाला, आता फोन ठेवेल असं वाटू लागलं. तेव्हा अप्पा घाईने म्हणाले,

"कालबी न्हाई जेवलो."