ओ निगेटिव्ह तात्या

सोपानतात्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत, रक्तगटानं मारतात. इंदापूरच्या स्टँडसमोर चहा सांगतानासुद्धा, "ए पॉझिटिव्ह, दोन कडक कर!" चहावालाही सवयीनं 'व्हय' म्हणतो. मी 'बी निगेटिव्ह'. माझ्या लग्नात मी बायकोची ओळख करून दिली, तर तिच्याकडं बघून पहिला प्रश्न, "गट कोंचा?"

लोणी देवकरला एका कारखान्याच्या गेटवर नोकरी करता करता तात्यांनी तालुक्यातल्या रक्तदात्यांची वही केली. चार वर्षांपूर्वी मी ती वेबसाइटवर चढवली, तीही फुकटात. तेव्हापासून माझ्यामागं जे शुक्लकाष्ठ लागलं ते लागलंच.

"बी निगेटिव्ह, मला आतली वही बघायचीय."

"वेबसाइटवर सगळं दिसतंय की, तात्या."

"ते तू दावतूस तेवढंच. आत कोन कोन हाय, ते माझ्या डोळ्यानं बघू दे."

ह्या 'आत'ला डेटाबेस म्हणतात. तो ब्राउझरमध्ये उघडून बघायचं, नावं दुरुस्त करायचं एक साधन मिळतं. ते सर्व्हरवर चढवणं म्हणजे तासाभराचं काम. तात्यांपायी माझ्या बारामती ते इंदापूर तीन फेऱ्या झाल्या, त्याही ऐन उन्हात.

पहिल्या फेरीत साधन चढवलं. पासवर्ड तात्यांनी ठरवायचा होता. त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर दाबलं आणि दाबताना मोठ्यानं म्हटलं. चहा गाळता गाळता ए पॉझिटिव्हला पासवर्ड पाठ झाला. मी बदलायला लावला. पुन्हा मोठ्यानं. शेवटी मीच एक ठेवला आणि कागदावर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन. "अ‍ॅक्सेस डिनाइड म्हनतंय. म्हंजी?"

"प्रवेश नाकारला."

"मला?" तात्यांचा आवाज चढला. "माझ्याच वहीत मला?"

भलतंच कुणी आत शिरू नये म्हणून मी फक्त त्यांच्या इंटरनेटच्या पत्त्याला परवानगी दिली होती, आणि मोबाइलचा तो पत्ता सारखा बदलतो. चूक माझीच. दुसरी फेरी. तिसरीत कळलं, कागदावरची मोठी अक्षरं तात्या लहान दाबत होते.

"ए म्हंजी ए. त्यात ल्हान-मोठं कसलं?"

मी कपाळाला हात लावला.

एकदाचं उघडलं. वाटलं, आता बसून नावं तपासतील. तर म्हणाले, "सोपान शोध."

शोधलं. सापडलं.

"हाय! हाय की मी!" त्या एका ओळीकडं ते बघतच राहिले. चहा गार झाला. मी इतका दमलो होतो की का म्हणून विचारलंही नाही. गाडीला किक मारली.

आठवड्यानं वेबसाइट उघडली, तर ओ निगेटिव्हच्या यादीत तात्या सगळ्यात वर! पासष्टी ओलांडलेल्यांचं रक्त घेत नाहीत, म्हणून तशी नावं यादीत आपोआप दिसेनाशी व्हावीत, अशी सोय मीच केली होती. आत जाऊन पाहिलं. तात्या जन्मसाल बदलून दहा वर्षांनी तरुण झाले होते. माझं डोकंच सणकलं. फोन लावला.

"तात्या, कुणी खरंच बोलावलं तर? पेशंटचा खोळंबा होईल, कळतंय का?"

तात्या म्हणाले, "संदीप."

चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, त्यांना माझं नाव ठाऊकच नाही.

"माझं रगत घेत न्हाईत, म्हाईत हाय मला. पर दोन वर्सं झाली, फोनच वाजला न्हाय रं. आधी ताटावरनं उठवायची मानसं. 'तात्या, येता का?' म्हनायची. तेवढं तरी कुनी इचारंल, म्हनलं."

वाईट वाटलं, माझ्या त्या शहाण्या सोयीचा रागही आला.

जन्मसाल पूर्वीसारखं केलं. तात्यांची बदल करायची परवानगी काढली, बघायची ठेवली. आणि यादीच्या वर एक ओळ टाकली : दाता मिळत नसेल तर सोपानतात्यांना फोन करा, ते घेऊन येतील. पुढं त्यांचा नंबर.

चौथ्या दिवशी मी जेवायला बसलो, तोच फोन.

"बी निगेटिव्ह! बावड्याच्या दवाखान्यातनं फोन आलता! तुमचं रगत नको म्हनला, दुसरा मानूस सांगा. गावला एक, घिऊन निघालोय त्याला."

"तात्या, गाडी सावकाश..."

"तू बोलत बसू नगं. लोकान्ला फोन बिझी लागंल."

आणि ठेवून दिला.