कंट्रोलरसाहेबांची दोन बटणं

नांदेड शहर व परिसरातील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, देविदासराव कंट्रोलर यांच्यासमोर 'उशीर' हा शब्द कोणीही उच्चारू नये. उच्चारल्यास होणाऱ्या व्याख्यानाला प्रस्तुत लेखक जबाबदार राहणार नाही.

देविदासरावांनी सारी नोकरी लातूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. निवृत्त होऊन ते नांदेडला आमच्या गल्लीत राहायला आले ते स्टँड सोबत घेऊनच. त्यांच्या जगात उशीर होत नाही, 'गाडी मार्गात असते'. चहा होत नाही, 'फलाटाला लागतो'. दूधवाला एकदा सात मिनिटं मागे आला, तर यांनी त्याला विचारलं, "काय झालं होतं, पंक्चर का रास्ता रोको?" तो शेजारच्या बोळातून पायी येतो.

असा माणूस रिकामा बसणं शक्यच नव्हतं. आमच्या भागात अकरा मावश्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा करतात. अंघोळ, औषधं, कूस बदलणं. एक दुपारी दोनला सुटते, दुसरी दोनला लागते. एकदा पाळीचा घोळ झाला. पहिली वेळेवर निघाली, दुसरीला वाटलं आज आपली सुट्टी, आणि सुमनआजी चार वाजेपर्यंत ओल्या चादरीवर एकट्या पडून राहिल्या. हे कानावर आलं त्या दिवशी देविदासराव जेवले नाहीत.

"सर," मला म्हणाले, "पॅसेंजर बसलेला अन् गाडीवर ड्रायव्हरच न्हाई. एक मिनिटसुद्धा घर रिकामं राहता कामा नये. ॲप काढू."

मी विष्णुपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, एवढाच माझा गुन्हा.

ॲप त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलं. प्रत्येक घर म्हणजे एक फलाट. मावशीला दोनच बटणं: 'आली' आणि 'गेली'. बटण दाबलं की नातेवाइकांना निरोप. मी चित्रं सुचवली, रंग सुचवले. "पॅसेंजरला गाडी आली का गेली, एवढंच पायजे," म्हणत त्यांनी सगळ्यावर काट मारली. चाचणीसाठी फलाट क्रमांक एक त्यांनी स्वतःच्याच घराला दिला. पलीकडच्या गल्लीतल्या इंदूमावशी रोज संध्याकाळी पाचला तिथं जाऊन बटणं दाबून बघायच्या.

मग ॲप खरोखरच्या घरांत सुरू झालं. पहिल्याच दुपारी इंदूमावशींनी सुमनआजींकडून निघताना बटण दाबलं आणि पार अहमदपूरच्या भावापर्यंत निरोप पोचला: 'सुमनआजी: गेली. वेळ १४.००.'

साडेचारला भरलेली जीप दारात. भावजयीनं कोपऱ्यावरूनच हंबरडा फोडलेला. आजी उशीला टेकून केळं खात होत्या. इतकी माणसं रडताना पाहून त्यांना वाटलं, आपल्यापासून कोणाची तरी बातमी लपवली आहे. त्याही गळा काढून रडू लागल्या. सगळं उलगडल्यावर भाऊ देविदासरावांना एवढंच म्हणाला, "बाकी काही असो, टाइम मात्र बराबर टाकला हो तुम्ही."

संध्याकाळी देविदासरावांच्या ओसरीवर मावश्यांची बैठक बसली. "आजारी मानसाच्या घरात 'गेली' म्हनत असतेत का, सायब?" इंदूमावशींनी विचारलं. "आपन निघताना 'येते' म्हनतो. तेच टाका. अन् 'आली'चं 'आले' करा."

सुटणाऱ्या गाडीला 'येते' म्हणायचं, हे पचवायला देविदासरावांना दोन दिवस लागले. पण पचवलं. शिवाय स्वतःचा एक नियम जोडला. नुसतं 'येते' दाबून सुटका नाही. दुसरी मावशी किंवा घरचं माणूस येऊन 'आले' दाबेल तेव्हाच पहिली मोकळी. आणि मोकळी झाल्याशिवाय तिला दुसऱ्या कुठल्या घरी 'आले' दाबता येणार नाही. "बदली ड्रायव्हर चढल्याबिगर पहिल्यानं उतरायचं न्हाई," साहेबांनी जाहीर केलं.

नियम असा लागू पडला की महिनाभरात एकही घर रिकामं राहिलं नाही. तक्रार एकच. इंदूमावशींचं सकाळचं 'आले' काही केल्या लागायचं नाही. फोन जुना असेल, म्हणून मी रोज कॉलेजातून त्यांना हातानं मोकळं करून द्यायचो. शेवटी एका रविवारी मावश्या पुढच्या आठवड्याच्या पाळ्या ठरवायला ओसरीवर जमल्या, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन तिथंच बसलो.

"मावशी, तुम्ही तर काल पाच वाजल्यापासून ड्यूटीवरच आहात," मी म्हणालो. "फलाट क्रमांक एक."

देविदासराव हातातल्या पाळ्यांच्या कागदाची घडी घालू लागले. घडीची घडी, तिची आणखी घडी.

"चाचणी तर केव्हाच संपली. मग इथं कशाला येता?"

"घरी जायच्या वाटंवरच हाय की. घोटभर च्या पिते, चार गोष्टी करते. अन् आत पाऊल टाकलं की बटन दाबायचं, हे सायबांनीच शिकवलंय."

"मग निघताना 'येते' दाबत जा ना."

इंदूमावशी वैतागल्या. साहेब समोर बसलेत हेही त्या विसरल्या.

"रोज दाबते की सर. पन ते सोडतच न्हाई मला, दुसरं मानूस येऊ दे म्हंतंय. आता ह्यांच्या घरी दुसरं कोन येतंय?"