गडगड आमची नाही

रेणुकाने तबकडीवर सुई टेकवली आणि चहा उकळायच्या आत अख्खी बिल्डिंग रस्त्यावर आली.

ती स्वतःही आली. कडेवर लेक धम्मप्रिया, हातात दुधाची बाटली. लातुरात कुणी "हललं!" म्हणून ओरडलं की कारण विचारत बसायचं नसतं. खालच्या मजल्यावरचे महादेवप्पा, म्हणजे सोसायटीचे चेअरमन, बनियनवर आणि अनवाणी उभे होते. किल्लारीचा भूकंप त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"जमिनीतून गडगड आली बगा," ते म्हणाले. "कपबशा वाजायल्या घरात."

लोक थांबले. गडगड काही थांबेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ती जमिनीतून नाही, पहिल्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून येतेय. सगळ्यांनी वर पाहिलं. मग रेणुकाकडे.

ती तबकड्या वाजवायची मशीन रेणुकाने स्वतः बांधली होती. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली, बाळंतपणात नोकरी सुटलेली. लेक दुपारी झोपली की ती हे टर्नटेबल जुळवत बसे. नांदेडच्या भावाला, संघपालला, हाच रोग. तबकडीखालची जड अॅल्युमिनियमची चकती त्याने लेथवर कातून घेतली आणि एसटीत तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन आणली. सगळं जमलं होतं. फक्त रेणुकाने मशीन ठेवली ती मोठ्या स्पीकरच्याच कपाटावर. स्पीकर हलला की सुई हले, सुई हलली की स्पीकर आणखी गरजे, आणि ते गरजणं थेट महादेवप्पांच्या कपबशांपर्यंत पोचे.

"तुमच्या हौसेपायी माझा जीव गेला असता, ताई. ती मशीन आजपासून बंद!"

"गडगड बंद करते, अप्पा. मशीन नाही."

"दोन्ही एकच हाय."

"एक नाही. रविवारी सगळे वर या. गडगड आली तर मशीन मीच भंगारात घालते."

संघपालला हे फोनवर कळलं तेव्हा तो किंचाळला, "ताई, भंगार कशाला म्हनलीस? सुईची दांडी माझी हाय त्यातली!"

मशीनीखाली काहीतरी लई जड पाहिजे, असं त्याचं मत पडलं. रेणुकाची नजर स्वयंपाकघरातल्या पाट्यावर गेली. सासूबाईंनी, कोंडाबाईंनी, तो किनवटहून आणलेला.

"आई, पाटा देता?"

"कशाला? मिक्सर जळाला का?"

"मशीनीखाली ठेवायला."

"आन मी ठेचा कशावर वाटू? तुज्या तबकडीवर?"

"अप्पा म्हणतात, मशीन बंद करा."

कोंडाबाईंचा हात थांबला. "कोन? म्हादेवप्पा? माज्या सुनेनं माज्या घरात काय करावं ते त्यो सांगनार?" त्यांनी पाटा भिंतीपासून स्वतः ओढला. "धर त्या बाजूनं."

धम्मप्रियाचे रबरी चेंडू अर्धे कापून पाट्याखाली बसले. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. मशीनीला लसणाचा वास येऊ लागला, पण ती कपाटावरून उतरून स्वतःच्या दगडावर उभी राहिली.

रविवारी माणसं यायच्या आधी रेणुकाने जमिनीवरचे स्क्रू वेचले, लेक पोचेल अशा सगळ्या वायरी वर बांधल्या. सगळे जमल्यावर मशीनीची विजेची पिन बोर्डातून काढून हातात घेतली, थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली आणि चालू स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला.

"आता काय ऐकायचं?" महादेवप्पा म्हणाले.

"काहीच नाही."

"त्यासाठी वर बोलावलं?"

"पाय आपटा, अप्पा. जरासं हललं तरी सुईला कळतं आणि स्पीकर बोंबलतो. बघू बोंबलतो का."

महादेवप्पांनी चेअरमनला शोभेल इतपत पाय आपटला.

"जोरात आपटा की," कोंडाबाई म्हणाल्या. "खाली तुमचंच घर हाय."

त्यांनी जोरात आपटला. धम्मप्रियाला खेळ आवडला, तीही उड्या मारू लागली. स्पीकर गप्प. रेणुकाची मान ताठ झाली. आणि नेमकी तेव्हाच गडगड आली. फळीवरची भांडी एकमेकांना लागली.

"आली! आली का न्हाई?" महादेवप्पांनी टाळी वाजवली. "मी काय म्हनलं हुतं?"

रेणुकाने हातातली पिन वर केली. महादेवप्पांनी पिनेकडे पाहिलं. मग हलणाऱ्या पंख्याकडे.

ते वळेपर्यंत लेक रेणुकाच्या कडेवर होती आणि कोंडाबाईंचा दंड तिच्या मुठीत. जिन्यात सगळेच होते.

"अप्पा, स्पीकरमधून आली का गडगड?"

"आधी उतरा!"

"उतरतेय! पण स्पीकरमधून आली का ते सांगा!"

"न्हाई आली, माय! न्हाई आली!"

धक्का सौम्य होता. कुणाला काही झालं नाही, भिंतीला चीरही नाही. काही दिवसांनी महादेवप्पा एकटेच वर आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

"मशीन वाजवत जा, ताई. दिवसभर वाजवा. कोन काय बोलतंय बघतो मी."

"बरं."

"फकस्त तेवढा पाटा काढा खालचा."

"का?"

"थोडी गडगड ऱ्हाऊ द्या." ते जमिनीकडे बघत होते. "मग काय वाजलं तरी तुमचंच असंल म्हनून डोळा तरी लागंल."

"पाटा काढा म्हनं!" आतून कोंडाबाई ओरडल्या. "ठेचा वाटायला मागितला तवा मला दिला न्हाई हिनं!"

रेणुका हसली नाही. धक्क्यापासून तीही लेकीच्या अंगावर हात ठेवून झोपत होती. पळावं लागलंच तर म्हणून दाराशी दुधाचा डबा घातलेली पिशवी टांगलेली होती. हो म्हणणं सोपं होतं. अप्पाही झोपले असते, मशीनही वाजली असती.

"नाही, अप्पा. माझ्या मशीनीतून गडगड येणार नाही. गडगड आली की ती खरी समजायची आणि पळायचं. पळता पळता आमचं दार वाजवायचं."

"आन तुमची मशीन चालू असली तर? थाप ऐकू येईल का?"

"येईल," रेणुका म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर पाटा घातलाय."